दोषांच्या रकान्यातला माणूस

खडकीला कर्नलसाहेबांच्या घरी दर रविवारी सकाळी आम्ही चौघं खेळायला बसायचो. पत्ते किंवा कॅरम नव्हे. कर्नलसाहेबांची मुलगी परदेशातून येताना डब्यातले खेळ आणायची, ते. काहींत जुन्या लढाईचा नकाशा असे, त्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं आणि त्यांत पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे. एक तुकडा म्हणजे एक पलटण. काहींत शेती, काहींत रेल्वे. तेव्हा असलं काही पुण्यात दुकानात मिळत नव्हतं, त्यामुळे डबा उघडला की आम्ही चार पोक्त माणसं आधी वास घ्यायचो.

मी तिथं कसा पोचलो, तर बिजागऱ्यांमुळे. माझं नगर रस्त्याला, वाघोलीच्या अलीकडे हार्डवेअरचं दुकान. आधी वाळू-विटा विकल्या, त्याआधी दुसऱ्याच्या वाळू-विटा वाहिल्या. कर्नलसाहेब खेळांच्या कपाटासाठी बिजागऱ्या घ्यायला आले आणि अर्धा तास माझ्याशी घासाघीस करून हरले. जाताना म्हणाले, "मी पोरांना युद्ध शिकवलंय, तिकडे खडकवासल्याला. तुम्ही रविवारी घरी या."

बाकीचे दोघं म्हणजे खडकीच्याच दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक सुपरवायझर, ज्यांना आम्ही फॅक्टरीवाले म्हणत असू, आणि नारायण पेठेतले गणिताचे मास्तर. मास्तर मला 'शेठ' म्हणायचे. पुण्यात हा शब्द आदरानं कसा म्हणतात आणि कसा नाही, हे मला पंचवीस वर्षांच्या दुकानदारीत समजलेलं होतं. मास्तर दुसऱ्या पद्धतीनं म्हणायचे.

बैठकीचा एक नियम होता. खेळात ज्याचा नंबर शेवटचा, त्यानं त्या खेळाचं परीक्षण वहीत लिहायचं. कर्नलसाहेबांचं म्हणणं, जिंकलेल्याला प्रत्येक खेळ छानच वाटतो. हरणाऱ्यानं तो नीट बघितलेला असतो. पानावर तीन रकाने: खेळ कसा आहे, चांगलं काय, दोष काय. आसपासच्या क्वार्टर्समधली मंडळी खेळ घरी न्यायची, ती आधी वही वाचायची. म्हणजे वहीत आलं ते खडकीभर झालं.

लढाईच्या खेळांत मी सारखा हरायचो, म्हणून माझी परीक्षणं वहीत भरपूर आहेत. मी माल तपासल्यासारखं लिहायचो. 'पुठ्ठा जाड. नकाशा घडीवर फाटणार, आधीच चिकटपट्टी मारा. नदी ओलांडायचा नियम ज्यानं लिहिला त्यानं नदी पाहिलेली नाही.' लोकांना आवडायचं. आयुष्यात पावतीखेरीज काही न लिहिलेल्या माणसाला त्या वहीनं लेखक केलं, हे मी कुणाला बोललो नाही.

मग बंदरांचा खेळ आला. चौघं व्यापारी, मिरी, रेशीम, काच, मीठ यांची लाकडी ठोकळ्यांनी अदलाबदल करायची आणि आपापल्या बंदराची मागणी पुरवायची. पहिलाच डाव मी असा जिंकला की विचारू नका. मास्तरांच्या बंदराला मीठ हवं होतं आणि सगळं मीठ माझ्याकडे होतं. एका मिठाला मी दोन रेशमं मागितली. मास्तर म्हणाले, "शेठ, हे अन्यायाचं आहे." मी म्हटलं, "सर, मग अळणी खा." त्यांनी दोन रेशमं दिली आणि ते शेवटचे आले. वही त्यांच्याकडे गेली.

दोषांच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'अदलाबदलीला नियमाची मर्यादा नाही. घासाघिशीची सवय असलेला एखादा गृहस्थ बसला, तर बाकीच्यांनी डोकं चालवून उपयोग नाही.'

म्हणजे कर्नलसाहेब पलटण फिरवून जिंकले की ती बुद्धी, मास्तर आकडेमोड करून जिंकले की तीही बुद्धी, आणि मी जिंकलो की खेळाला भोक पडलंय. पंधरा दिवसांनी क्वार्टर्समधल्या एक बाई खेळ परत करायला आल्या आणि मला निरखून म्हणाल्या, "अहो, दोषामध्ये लिहिलंय ते गृहस्थ तुम्हीच का?"

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच होतं: ते पान बदलायचं. कर्नलसाहेब म्हणाले, बदलेल. तेच चौघं पुन्हा तोच खेळ खेळतील आणि शेवटचा येणारा नवं लिहील. मास्तर टाळायचे. "सदोष खेळ पुन्हा कशाला?" अखेर एका रविवारी तिघंही तयार झाले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा हरायला म्हणून घराबाहेर पडलो. हरेन, वही घेईन आणि माझ्या हातानं लिहीन. निघताना बायको म्हणाली, "तुम्हाला जमायचं नाही." मी म्हटलं, "हरण्यात काय जमायचंय?"

डाव सुरू झाला. मी लगेच मिरी पुढं केली. "घ्या, एका काचेला दोन मिऱ्या."

कुणी हात लावला नाही. फॅक्टरीवाल्यांनी माझा ठोकळा उचलला, उलटा केला, खालून पाहिला. "ह्याला काय झालंय?"

"काही नाही. स्वस्त देतोय."

"तेच म्हणतोय मी," म्हणून त्यांनी तो जपून परत ठेवला.

मी रेशीम देऊ केलं, मीठ देऊ केलं. कर्नलसाहेब नकाशाकडे बघत पुटपुटले, "शत्रू वाट मोकळी सोडतोय म्हणजे पुढं खड्डा आहे." तिघं आपसांत महागानं अदलाबदल करत होते आणि माझ्याकडे ठोकळ्यांचा ढीग साचत होता. तरी सगळं माझ्या मनासारखंच चाललं होतं. एकही मागणी पुरी न करता मी अगदी तळाला होतो. अजून तीन फेऱ्या गप्प बसलो असतो, तर वही माझी.

तेवढ्यात मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "शेठ, तुमचा माल आता फुकट दिलात तरी कुणी घेणार नाही."

राग आला की माझी भाषा गावाकडे पळते. "फुकट?" मी म्हटलं. "माल येक नंबर हाय माझा. आता फुकट न्हाई, महागानंबी मिळनार न्हाई. बंद दुकान."

आणि खरंच बंद केलं. दोन फेऱ्यांत तिघांच्याही बंदरांना मीठ हवं झालं, काच हवी झाली. तेव्हा मी दुकान उघडलं, माझ्या भावानं. कर्नलसाहेबांकडून एका मिठाला तीन रेशमं घेतली. फॅक्टरीवाले हसत हसत स्वतःला लुटून घेत होते. शेवटच्या फेरीत मी सगळ्या मागण्या एकदम पुऱ्या केल्या आणि पहिला आलो. घाम पुसताना आठवलं की मी हरायला आलो होतो.

मास्तर शेवटचे आले.

वही त्यांच्या पुढ्यात गेली. पुन्हा तेच लिहिणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी बराच वेळ लिहिलं, मग स्वतःच वाचून दाखवलं. "दोष: नाही. मागच्या परीक्षणात नोंदवलेला दोष खेळाचा नव्हता. अदलाबदलीचा नियम उत्तम आहे. मात्र तो वापरायची अक्कल डब्यात मिळत नाही. ती वाघोलीहून आणावी लागते."

फॅक्टरीवाल्यांनी टेबलावर थाप मारली. मी घाईनं बोललो. "सर, ते 'मात्र' काढा."

"काढलं तर ती तुमची स्तुती होईल."

"म्हणूनच म्हणतोय."

"त्या बदल्यात?"

"पुढच्या वेळी मीठ एकास एक."

मास्तरांनी 'मात्र' खोडलं. जुनं पान फाडायला मी सांगितलं, ते मात्र त्यांनी ऐकलं नाही. "वहीत खाडाखोड चालते शेठ, फाडाफाड चालत नाही." त्या पानाचा राग माझ्या मनात अजून आहे आणि मी तो सोडणार नाही. पण त्यांचा 'शेठ' त्या दिवशी वेगळा ऐकू आला, हेही लिहायला हवं.

पुढच्या रविवारी त्याच बाई पुन्हा आल्या. वही उघडून वाचली, मग म्हणाल्या, "हा खेळ हवाय. पण अक्कल डब्यात नाही म्हणतायत, तर तुम्हीच चला आमच्याकडे. चहा देऊ."

मी म्हटलं, "नुसता चहा?"

थालीपिठावर सौदा पटला.