फाटकाजवळच्या बदामाची पानगळ

फेब्रुवारीतला पहिला रविवार, सकाळ. हजर: मी (सोसायटीची सेक्रेटरी), निफाडला जन्मभर द्राक्षबाग केलेले माझे सासरे, म्हणजे आबा, आणि तळमजल्यावरच्या काकू. सोसायटीच्या फाटकाजवळच्या बदामाची पानं लालभडक झाली होती आणि काकूंच्या साबुदाण्याच्या पापड्यांवर पडत होती.

"झाड रोगट झालंय," काकू म्हणाल्या. "पुढच्या रविवारी मिटिंगमध्ये तोडायचा विषय काढणार मी."

आबांचा चेहरा उतरला. बाग दिरांवर सोपवून ते शहरात आले, तेव्हापासून त्यांची खुर्ची याच झाडाखाली. पण रोगाचं त्यांनाही पटलं होतं.

"सूनबाई, द्राक्षाचं पान असं लाल झालं की खत कमी पडलेलं असतं. बघतो मी."

त्यांनी आळं करून पोटॅश घातलं, बादल्या ओतल्या. पानं गळतच राहिली.

"आबा, याला काहीही झालेलं नाही," मी सांगितलं. "कोरड्या दिवसांत पानांतून पाणी उडतं. ते वाचवायला झाड पानं टाकतं. त्याआधी पानातलं कामाचं तेवढं परत ओढून घेतं, हिरवा रंग मोडतो आणि लाल दिसू लागतो."

बांधावरचा निंब गळतो हे त्यांना माहीत होतं. पण आपण पाणी घालतो ते झाड न विचारता पानं टाकतं, हे पचेना.

"आमच्या बागेत नाय झालं असं कधी!"

"होऊ कुठे दिलंत? छाटणीआधी औषध मारून तुम्हीच पानं उतरवायचात."

आबा खो-खो हसले. "म्हंजे हा गडी फुकटात पानगळ करतोय! ना औषध, ना मजूर. लय हुशार हाय."

मिटिंग झाडाखालीच भरली, तेव्हा त्यांनी एक फांदी वाकवून धरली. टोकाला कोंब फुगले होते. "काकू, डोळे बघा. मेलेलं झाड डोळे काढतं का?"

"डोळे राहू द्या आबा, माझ्या पापड्यांचं काय?"

चर्चा भलतीकडे जायच्या आत मी मुद्दे उरकले. झाड राहील. पानं रोज सकाळी आबा गोळा करतील. काकू वाळवण गच्चीवर घालतील. पानांचं खत इमारतीमागच्या खड्ड्यात होईल. सगळ्यांनी माना डोलावल्या, काकूंनी जरा उशिरा.

आता बदामाला पोपटी पालवी आली आहे आणि आबांची खुर्ची जागेवर आहे. पानांची पोती मात्र जिन्याखाली उभी आहेत. खड्डा अजून खणायचाय.