हलणारी फरशी

मार्च आला की आमच्या कोपऱ्यावरचा फूटपाथ उखडला जातो, कारण वर्षाचा निधी संपवायचा असतो. यंदाही धडधाकट फरशांचा ढीग पडला होता. त्याला टेकून चप्पल दुरुस्त करणारे बाबूकाका माझी जुनी चप्पल उलटसुलट करून बघत होते.

"नवीच घेऊ का?" मी विचारलं.

"कशाला, ताई? तळ चांगला आहे. नुसता अंगठा तुटलाय, तेवढा बदलतो."

खर्च करणाऱ्याच्या खिशाला झळ लागत नसली, की नवं आणणं किती सोपं होतं. सरकारी पैशालाही असे उलटसुलट करून बघणारे हात हवेत.

"फरशा खराब झाल्या होत्या का हो?"

"एकच हलत होती," टाका घालत काका म्हणाले. "ती मी दिवाळीतच बसवली होती."