नानांचा समोसा, माझी भाकरी

दोन माणसं एका इंजिनात रोज आठ-दहा तास बसली की किस्से आपोआप साचतात. त्यात आमच्याकडे नाना होते! नाना मालगाडीचे लोको पायलट, मी त्यांचा असिस्टंट. भुसावळहून सुटायचं, नंदुरबारकडे जायचं.

*

नानांना डबा अक्का, म्हणजे त्यांची बायको, द्यायच्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, मेथी. गाडी सुटली की नाना डबा माझ्याकडे सरकवत. "तू खाय रे भो!" स्वतः मात्र चार समोसे आणि कोल्ड्रिंकची मोठी बाटली काढत.

"नाना, शुगर आहे ना तुम्हाला?"

"शुगर माले शे, समोसाले नही!"

*

एकदा अक्कांचा फोन आला. "भाकरी संपते का रे पूर्ण?"

"एक तुकडा उरत नाही, अक्का!"

खोटं कुठे बोललो?

*

रेल्वेच्या मेडिकल तपासणीआधी आठ दिवस नाना साधू होत. कारल्याचा रस, सकाळी फिरणं. पास झाले की दवाखान्याच्या गेटबाहेरच वडापाव! "मशीनला गंडवलं!" रिटायरमेंटला दोन वर्षं उरलेली. इंजिनावरून उतरवलं तर आपण जगणार नाही, असं म्हणायचे.

*

सिग्नल दिसला की दोघांनी बघून रंग मोठ्याने बोलायचा, हा आमचा नियम. पूर्वी नाना आधी ओरडायचे. यंदा लक्षात आलं, आधी नेहमी मीच बोलतोय. मी "पिवळा" म्हटलं की ते "पिवळा". मी "हिरवा" म्हटलं की ते "हिरवा".

सांगावं तर नानांचं इंजिन जाणार. न सांगावं तर मागे अख्खी गाडी, पुढे फाटकं, माणसं!

*

नरडाण्याच्या अलीकडे, भर दुपारी. मनाशी पक्कं केलं होतं, आज नानांना आधी बोलू द्यायचं; पण सिग्नल हिरवा असला तरच गप्प बसायचं. हिरवाच होता. मी गप्प. हात इमर्जन्सी ब्रेकवर.

नाना सिग्नलकडे बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते.

"बोल ना रे!"

नानांनी ब्रेक लावला. गाडी करकरत सिग्नलच्या अलीकडे उभी राहिली.

"कोणता व्हता?"

"हिरवा, नाना."

वॉकीटॉकी खरखरला. स्टेशन मास्तर ओरडत होते, "अहो, हिरव्यावर का उभे?"

काहीतरी थाप मारावी म्हणून मी वॉकीटॉकीकडे हात पुढे केला. नानांनी तो बाजूला सारला.

"दुसरा ड्रायव्हर धाडा, मास्तर. माले दिसस नही."