पहिल्या बसच्या हरकती

‘झोपलेल्या गारखेडकरांनो!’ हा मथळा मीच ठोकला होता. पहाटेची पहिली सिटी बस बंद होणार होती, महापालिकेकडे लेखी हरकती देण्याची मुदत शुक्रवारी संपत होती, आणि त्या गोळा करणाऱ्या आमच्या बस बचाव समितीच्या वेबसाइटवर तीन आठवड्यांत जेमतेम अकरा हरकती. त्याही आमच्याच पोरापोरींच्या. मला संताप आला. संताप आला की मी पत्रक लिहिते. तेवढंच येतं मला. बुधवारी ते घरोघर वाटलं.

गुरुवारी दुपारी आमच्या गल्लीतल्या मावशी समितीच्या खोलीवर आल्या. त्याच बसनं धुण्याभांड्याच्या कामाला जातात. ती चुकली तर पहिलं घर सुटतं. त्यांनी पत्रक टेबलावर आपटलं.

“झोपलंय कोन गं? ष्टापवरच्या समद्या बायांचं म्या माझ्या फोनवरून भरलं. दर बारीला ‘धन्यवाद, हरकत मिळाली’ आलं की!”

“मावशी, एकही आलेली नाही.”

“मंग धन्यवाद कोन म्हनलं, तुझा आजा?”

वेबसाइट बांधणारा मित्र शेजारीच होता. तो फिदीफिदी हसला, मग हसायचा थांबला. त्यानं मावशींच्याच फोनवरून, त्यांनी भरला होता तसाच फॉर्म भरला. धन्यवाद आलं, यादीत काही नाही. स्पॅम फिल्टर बंद करून पुन्हा भरला. लगेच यादीत.

फॉर्म एका कंपनीचा, फिल्टर दुसरीचा. फिल्टर हरकत अडवून बाजूला टाकायचा आणि फॉर्मला ते कळायचंच नाही. तो आपला प्रत्येकाला धन्यवाद म्हणून मोकळा.

“पण अडवतोय कशाला?” मी ओरडले.

“एकाच फोनवरून, शब्द न शब्द तोच मजकूर. जाहिरातवाले असंच करतात. मजकूर कुणी दिला?”

मी. आणखी कोण? चळवळीत आम्हाला हेच शिकवलेलं: लोकांना तयार नमुना द्या, त्यांनी फक्त नाव घालावं. कागदांच्या गठ्ठ्यावर ती एकजूट दिसते. फिल्टरला तो कचरा दिसला. आणि हा कचरा पंधरा दिवसांनी आपोआप पुसला जात होता. मावशींनी उत्साहानं पहिल्याच आठवड्यात भरलेल्या सगळ्या हरकती, त्यांची स्वतःचीसुद्धा, गेल्या होत्या. मागाहून भरलेल्या सात तेवढ्या उरल्या.

मित्रानं त्या सात यादीत घेतल्या आणि आमचा फॉर्म फिल्टरमधून वगळला. पण गेलेलं काही परत येईना.

शुक्रवारी पहाटे मी कोरे कागद घेऊन स्टॉपवर गेले. बाया डबे घेऊन उभ्या होत्या. मावशींनी पिशवीतून माझं पत्रक काढलं.

“आधी हे वाच. मोठ्यानं. मंग सह्या माग.”

“मावशी, बस येईल...”

“यू दे.”

मी वाचलं. ‘तुमची बस हिरावली जात असताना तुम्ही पांघरुणात आहात.’ अंधारात, ओल्या केसांच्या, घरचा स्वयंपाक उरकून आलेल्या बायांसमोर वाचलं. कुणीच हसलं नाही. एकजण म्हणाली, “लई चांगलं लिवती पोरगी.” त्यापेक्षा शिवी परवडली असती.

मग कागद फिरले. या वेळी नमुना नव्हता. जिनं तिनं आपलंच सांगायचं, मी लिहायचं. एक पायाच्या दुखण्याचं सांगत होती, दुसरी रिक्षा परवडत नसल्याचं. चौथ्या कागदावर होते तेव्हा बस आली. बाया भराभर चढल्या. मावशी दारातून ओरडल्या, “माझं पन राह्यलं की गं!”

शुक्रवारी संध्याकाळी मी महापालिकेत जमा केलेल्या गठ्ठ्यात त्यांची हरकत नव्हती.