दोहा ते टोरंटो, सात तास

नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं टाइमकीपर होतो. कामगार आत कधी आला, बाहेर कधी गेला, दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की झाले त्याचे तास. माझी वजाबाकी चुकली म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगायचो.

आमची एकुलती एक लेक टोरंटोला असते. यंदा तिचं पहिलं बाळंतपण. रीतीप्रमाणे ते माहेरी व्हायचं, पण डॉक्टरनं तिला प्रवास नको म्हटलं. मग माहेरानंच तिकडे जायचं, म्हणजे माझ्या बायकोनं. पण तिची कंबर तिला फार वेळ बसू देत नाही. तिनं आधीच बजावलं होतं, "पुण्याच्या ट्रॅव्हल्सइतकंच बसवते मले. त्याच्यावर एक घंटा नाही."

तिकीट आल्याबरोबर मी कागद-पेन घेऊन बसलो. नागपूरहून पहाटे चारला निघायचं, साडेपाचला दोहा. दीड तास. तिथे अडीच तास थांबायचं. दोह्याहून सकाळी आठला निघून टोरंटोला दुपारी तीनला. सात तास. एकूण अकरा! पुण्याची ट्रॅव्हल्ससुद्धा तेरा-चौदा तास घेते.

"अवं, पुण्यापेक्षा जवळ राहते तुही लेक," मी म्हणालो.

ती हरखलीच. त्याच संध्याकाळी प्रताप नगरच्या दुकानातून डिंक, मेथी, खारीक घेऊन आली आणि लाडवांच्या मागे लागली.

आठवड्यानं मी हा हिशेब लेकीला फोनवर ऐटीत ऐकवला. तिला हसू आवरेना. "बाबा, तिकिटावर ज्या त्या गावची वेळ असते. बारा हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे, अकरा तासांत कसं होईन? वीसच्या वर लागतात. दोह्यापासूनच चौदा." मग हळूच म्हणाली, "आई येईन ना जी?"

माझं तोंड एवढंसं झालं. जन्मभर एकाच भोंग्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांचे तास मोजले. दोन गावांची घड्याळं वेगळी असतात, हे माहीत असूनही ऐन वेळी डोक्यात आलं नाही. खरं सांगतो, मी घाबरलो. जावई भला माणूस आहे, पण आईची जागा तो कुठून भरणार? बायको नाही म्हणाली, तर लेक परमुलखात आईवाचून बाळंत होईल आणि त्याला कारण माझं शहाणपण. दोन दिवस मी घरात मुक्यासारखा वावरलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती लाडू डब्यात भरत होती, तेव्हा सगळं सांगून टाकलं. वीस तासांच्या वर. त्यातले चौदा एकाच खुर्चीत.

"मंग दोन दिवस काहून लपवून राहिले होते?"

"तू नाही म्हणशीन म्हणून."

तिचा हात आपोआप कमरेवर गेला. हातातला लाडू तिनं खाली ठेवला. आता ही नाहीच म्हणणार, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

"हिच्या वेळी मी तीस तास कळा सोसल्या," ती म्हणाली. "तुम्ही ड्युटीवर होते, तुम्हाले काय माहीत. माही माय उशाशी बसली होती. पोरगी होईपर्यंत जागची हलली नाही. तिले काय कंबर नव्हती?"