दिवसाला दहा बादल्या

मधुमेह लागून मला अकरा वर्षं झाली. प्रत्येक रिपोर्ट मी तारखेप्रमाणे फाइलला लावतो आणि आकडे वहीत उतरवतो. त्यात एक रकाना मूत्रपिंडांचा आहे: ती मिनिटाला किती मिलिलिटर गाळतात. नव्वदच्या वर उत्तम, असं रिपोर्टवरच छापलेलं असतं. तीन वर्षांत माझा आकडा १०४, १११, ११८ असा चढला. मी त्याचा आलेख काढून जेवताना बायकोला दाखवला.

"अहो, नव्वदला पास आणि तुम्हाला एकशे अठरा," ती म्हणाली. "मग जिलबी आणू का?"

जिलबी आली नाही, पण मी मनातून खूश होतो. त्या तीन वर्षांत उपाशीपोटीची शुगरही चढीच होती. तिचा आलेख मात्र मी काढला नव्हता.

आमचे जुने डॉक्टर कायमचे गावी गेले म्हणून मी घराजवळ, भाईंदर पूर्वेलाच एका तरुण डॉक्टरबाईंकडे जाऊ लागलो. त्यांनी लघवीतलं प्रथिन तपासायला लावलं. ही तपासणी मी कधीच केली नव्हती. तीसच्या आत हवं, ते ब्याण्णव आलं. मशीनची चूक असेल म्हणून पुन्हा केली, तर एकोणनव्वद. मी घाबरलो आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. गाळणं तर सुधारतंय, मग हे कसं, असं विचारलं.

त्यांनी आलेख नीट पाहिला. "काका, वयाबरोबर हा आकडा उतरायला हवा. ही सुधारणा नाही. हा ओव्हरटाइम आहे."

मग कागदावर चित्र काढून त्यांनी सांगितलं. एकेका मूत्रपिंडात दहा लाखांच्या आसपास गाळण्या, प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. साखर वाढली की आत येणारी वाहिनी रुंदावते, दाब वाढतो, गाळणं वाढतं. मूत्रपिंडही थोडं मोठं होतं. वर्षानुवर्षं असं चाललं की गाळणीचा पडदा जाड होतो, तरी त्यातून प्रथिन निसटू लागतं. काही गाळण्या कडक होऊन बंद पडतात आणि त्यांचं काम उरलेल्या उचलतात. दुखत काहीच नाही.

निरोगी तरुण माणसात दिवसाला किती गाळलं जातं, मी विचारलं. साधारण एकशे ऐंशी लिटर. आमची बादली अठरा लिटरची. मी गुणाकार पुन्हा करून पाहिला. दहा बादल्या, आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं निवडून रक्तात परत. मुठीएवढे दोन अवयव, शर्टाखाली, सुट्टी न घेता. हिशेब लिहिण्यात माझी हयात गेली, पण एवढं काम इतक्या कमी जागेत झालेलं मी पाहिलं नव्हतं.

औषध बदललं, शुगर आवरली. सहा महिन्यांनी प्रथिन एक्केचाळीसवर आलं. गाळण्याचा आकडाही शंभरवर उतरला. दाब कमी झालाय, आपल्याला हेच हवं होतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. बंद पडलेल्या गाळण्या मात्र परत सुरू होणार नाहीत, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"आणि उरलेल्या?"

"त्या आत्ताही गाळतायत, आपण बोलतोय तेव्हा."

मी नकळत कमरेच्या वर, पाठीला हात लावला. तिथे काहीच जाणवलं नाही.