ताईने तपासलेला पाया

दोन मार्च दोन हजार चोवीस, शनिवार. प्रश्न एक लाख अडतीस हजार रुपयांचा होता. अकोल्याच्या आमच्या प्लॉटवर मी, माझी बायको, मिस्त्री आणि अमरावतीहून सकाळच्या बसने आलेली माझी थोरली बहीण, असे चौघे हजर होतो. मिस्त्रीच्या मते पाच फूट खोदून दगड-मुरुमाचा पाया पुरेसा होता. ताई म्हणत होती, बारा फूट खोल काँक्रीटचे खांब घ्या आणि प्रत्येकाचं बूड फुगीर ठेवा. दोन्हींच्या खर्चातला फरक वर लिहिला तेवढा.

"मॅडम, तीस वर्षं झाले, मी घरंच बांधून राहिलो," मिस्त्री म्हणाला.

"त्यातल्या किती घरांले तडे गेले?"

"तडे तं जातेच. काळी माती हाये."

"मंग मातीलेच विचारू," ताई म्हणाली आणि पिशवीत ढेकळं भरू लागली.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मावशीकडे राहून तिनं अमरावतीत इंजिनिअरिंग केलं. सिव्हिलच्या वर्गात साठ जण, त्यात मुलगी ही एकटीच. तिथं मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हतं, म्हणून सकाळी निघाल्यापासून परत येईपर्यंत ती पाणी पीत नसे. पुढे दुसऱ्या एका कॉलेजात शिकवू लागली. त्या विभागातली ती पहिली बाई. डॉक्टरेट केली ती याच काळ्या मातीवर, आणि निवृत्त झाली विभागप्रमुख म्हणून. तिचे विद्यार्थी पूल बांधतात. घरी आम्ही हे सगळं पाहुण्यांना अभिमानानं सांगायचो. पण चाळीस वर्षांत आमच्यापैकी कोणी तिला न्हाणीचा उतार कुठं काढावा एवढंही विचारलं नव्हतं.

मीसुद्धा विचारणार नव्हतो. मिस्त्रीला मी होकार देऊन बसलो होतो. बायको म्हणाली, "ताईले विचारलं का?"

"तिले कायले त्रास?"

"तिले त्रास, का तुमाले कमीपणा?" असं म्हणून तिनंच फोन लावला.

घरी आल्यावर ताईनं ढेकळं वाळवली, खलबत्त्यात कुटली आणि स्वयंपाकघरातल्या सर्वांत बारीक चाळणीनं चाळली. बायकोनं चाळणीकडे एकदा पाहिलं आणि नवीन आणायची म्हणून यादीत लिहिली. टॉवेलात गुंडाळून आणलेल्या काचेच्या दोन उंच नळ्या ताईनं ओट्यावर ठेवल्या. दोन्हींवर आकडे कोरलेले. दोन्हींत दहा-दहाच्या रेघेपर्यंत माती घातली. एकीत रॉकेल ओतलं, दुसरीत बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी. रॉकेलनं माती फुगत नाही, पाण्यानं किती फुगते ते उद्या याच वेळी बघायचं, असं तिनं सांगितलं.

मग चहा झाला. बाबांनी बांधलेल्या घराचा विषय मीच काढला. ते बांधलं तेव्हा ताईला शिकवायला लागून नऊ वर्षं झाली होती. बाबांनी शेजारच्या ओव्हरसियरला विचारलं, सिमेंट विकणाऱ्या मामेभावाला विचारलं. पहिल्याच उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरपी भेग गेली. आईनं तिच्यावर कॅलेंडर लावलं.

"तवा तू काहून बोलली नाही?" मी विचारलं.

"बोलली ना. बाबा म्हणे, तू तुयं कॉलेज पाय."

"मले माहीतच नाही."

"तू तिथंच होता. कॉमेंट्री ऐकून राहिला होता."

तिचा आवाज चढला नव्हता. बिस्किट चहात बुडवून तिनं ते नीट खाल्लं. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि माझ्या कानांना काही झालेलं नव्हतं.

रविवारी मिस्त्री न बोलावता आला. रॉकेलच्या नळीत माती दहावरच होती. पाण्याच्या नळीत एकोणीसवर. त्यानं नळी उचलून उजेडात धरली, आकडा दोनदा वाचला.

"एका दिवसात?"

"एका दिवसात. उन्हाळ्यात परत आकसते. वरची भिंत काय करीन?"

"आमाले कोणं असं दाखोलंच नाही, मॅडम."

"मलेही घरात कोणं विचारलं नाही," ताई म्हणाली, आणि मग मीच मिस्त्रीला सांगितलं, ताई सांगते तसंच करायचं.

खांबांच्या वेळी ती पुन्हा आली. सदुसष्टाव्या वर्षी उन्हात उभी राहून प्रत्येक खड्ड्याची खोली तिनं स्वतः टेप सोडून मोजली. अठरापैकी दोन खड्ड्यांची खोली कमी भरली, ते पुन्हा खोदायला लावले. मिस्त्री कुरकुरला नाही. निघताना बायकोनं तिला साडी दिली. ताईनं ती घेतली, काठ पाहिले, रंग आवडल्याचं सांगितलं आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. जागेची पाहणी दोन हजार. माती परीक्षा दीड हजार. पायाचं गणित आणि नकाशा साडेआठ हजार. बसभाडं, बायकांचं अर्धं तिकीट, चार वेळचं तीनशे साठ.

मी हसलो. ती हसली नाही.

"माह्याकडूनही?"

"बाहेरचे देतेच. घरच्यायनं कधी विचारलंच नाही, तं देतीन काय. साडी बहिणीची झाली. हे इंजिनिअरचं."

बेरीज मी तपासली. बरोबर होती.

बारा मेला, रविवारी, मी अमरावतीला तिच्या घरी गेलो आणि बारा हजार तीनशे साठ रुपयांचा चेक तिच्या नावे दिला. तिनं चष्मा लावून रक्कम अंकांत आणि अक्षरांत वाचली, कपाटातून पावतीपुस्तक काढलं आणि 'घराच्या पायाबाबत सल्ला' असं लिहून, सहीखाली सगळ्या पदव्या घालून, मला पावती दिली.